सत्त्याण्णवावी कपात

१

मास्तर शुक्रवारी दुपारी गेले. संध्याकाळपर्यंत सगळे धरून चालले होते की हृदय बंद पडलं. साठीला टेकलेला माणूस, जेवणाच्या सुट्टीत एकटा बसलेला, खुर्चीवरून कोसळलेला. दुसरं काय असणार? सहा वाजता दवाखान्यात डॉक्टरांनी त्यांच्या मुठी उघडल्या तेव्हा उजव्या तळहातावर वाटाण्याएवढा करडा डाग निघाला, आणि डाव्या हाताच्या दोन बोटांवर त्याहून बारीक दोन. वीज एका हातातून शिरून दुसऱ्या हातातून बाहेर पडली होती. मध्ये छाती होती.

शनिवारी सकाळी अकराला निरीक्षक बाई जिना चढून वर आल्या. कारखान्यांतल्या अपघातांची चौकशी करण्यात त्यांची बावीस वर्षं गेली होती. त्यांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं, मग सवयीने भिंतीवरचं. भिंतीवरचं, विजेवर चालणारं घड्याळ दहा वाजून वीस मिनिटं दाखवत होतं.

खोली लांबलचक होती. अलीकडे कामाची टेबलं, आणि पलीकडच्या टोकाला एक घर. म्हणजे घराचा कोपरा: सोफा, बुटकं टेबल, टीव्ही, भिंतीत एकच सॉकेट. मास्तर धरून चार माणसं इथे सायकलच्या किमतीत विकायचा घरगुती संगणक तयार करत होती. कळफलकाएवढी चपटी पेटी, घरातल्याच टीव्हीला जोडायची. तिचं नाव ठेवलं होतं 'पाटी'. ती घरात कशी वागेल हे पाहायला हा कोपरा. सोमवारपासून दहा हजार पाट्या बनायला लागणार होत्या.

"बाई, यात कोडं वगैरे काही नाही," फौजदार म्हणाले. त्यांनी पाटीचं झाकण उघडूनच ठेवलं होतं. "हे दोन पत्रे बघा. खालचा वीजपुरवठ्याचा, त्यात भिंतीतली वीज खेळते. वरचा कळांखालचा. त्याची कड बाहेर असते, तिला हात लागतो. दोन्हींच्या मध्ये फायबरची पत्ती पाहिजे. नाहीये. कळांच्या पत्र्याला अर्थिंगची हिरवी वायर पाहिजे. ती सांध्यातून निखळलीय. पत्ती असती तर वीज वर आलीच नसती. वायर टिकली असती तर वीज जमिनीत गेली असती, फ्यूज उडाला असता. माणूस नाही."

"आणि मास्तर काय करत होते?"

"जे कुणीही घरात करेल तेच. एका हाताने पेटी दाबून धरली, दुसऱ्या हाताने टीव्हीच्या मागे अँटेनाची वायर खोचली. अँटेना गच्चीतल्या लोखंडी खांबाला. झालं काम."

"पेटी कुणी जोडली होती?"

"इथल्या जोडणीवाल्या मावशीने. वायर तिने लावली, पत्तीही तिनेच बसवायची होती. बुधवारी आणि गुरुवारी रजा टाकून ती कुठे गेली होती, विचारा. डोळे तपासायला! दिसत नाही तिला." फौजदारांनी टोपी उचलली. "पाच वाजता येतो आणि तिला घेऊन जातो. निष्काळजीपणाने मृत्यू. तुमच्या अहवालावर सही तेवढी तयार ठेवा."

२

मावशी खिडकीशी स्टुलावर बसल्या होत्या. पन्नाशी उलटलेल्या, किरकोळ अंगाच्या. हात मांडीवर उलटे ठेवलेले, जणू कुणी तपासायला मागितले होते.

"मुलगी आहे?" बाईंनी विचारलं.

"दोन. एकीचं लग्न झालं. मी आत गेले तर दुसरीचं कोण बघणार, हे विचारताय ना?"

"नाही. कालचं विचारतेय."

"काल एक चाळीसला जेवून वर आले. घंटेवर येते मी, मिनिट इकडे की तिकडे नाही. मास्तर खाली पडलेले. आधी जिन्याजवळचा मेन बंद केला, रेडिओच्या कारखान्यातली सवय. मग हात लावला त्यांना. मग पळत सुटले. खाली मालकांच्या केबिनवर थापा मारल्या आणि डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर जेवायला घरी. तिथून त्यांना ओढून आणलं तेव्हा सव्वादोन झाले होते."

"मेन परत चालू कुणी केला?"

"फौजदारांनी, आल्यावर. मी कशाला करते?"

बाईंनी उघडी पाटी त्यांच्यापुढे ठेवली. मावशींनी नवा चष्मा वर सरकवला आणि पेटी डोळ्यांजवळ न नेता बोटानेच निखळलेल्या वायरचं टोक चाचपलं. मग हात झटकन मागे घेतला.

"हा सांधा माझा नाही."

"फौजदार म्हणतील, असं सगळेच म्हणतात."

"म्हणू देत. वायर द्या मला एक."

बाईंनी दिली. मावशींनी डोळे मिटले. वायरचं टोक भोकातून ओवलं, पलीकडून बाहेर काढून नखाने मागे वळवलं, आकडा केला, दाबला, आणि मग म्हणाल्या, "आता सोल्डर. सोल्डर नसलं तरी ओढून बघा."

बाईंनी ओढलं. पेटी टेबलावरून पुढे सरकली, वायर सुटली नाही.

"चौदा वर्षं रेडिओ जोडलेत मी. बोटांनाच येतो तो आकडा. मास्तर म्हणायचे, मावशी, तुमचा सांधा सोडवायचा तर तुमच्या सासूलाच बोलवावं लागेल." मावशी हसायला गेल्या आणि त्यांचा चेहरा मोडला.

बाईंनी पेटीतले हाताने केलेले बाकीचे सगळे सांधे मोजले. सतरा. सतराच्या सतरा ठिकाणी वायरचं टोक वळवलेलं. निखळलेल्या हिरव्या वायरचं टोक तेवढं सुईसारखं सरळ होतं. ते कधी वळलंच नव्हतं.

म्हणजे ही वायर दुसऱ्या कुणीतरी लावली होती. आणि लावताना ती निखळावी अशीच लावली होती.

३

मालक खालच्या केबिनमध्ये होते. देह भारदस्त, आवाजही. पण पाण्याचा पेला उचलताना हात असा थरथरला की अर्धं पाणी बशीत गेलं.

"जुनं दुखणं आहे," ते म्हणाले. "सही करायलासुद्धा शिक्का वापरतो. चहा विचारला असता तुम्हाला, पण मागच्या जिन्याखालच्या किटलीची वायरच नाहीशी झालीय कालपासून. कुठे गेली कोण जाणे. इथे माणूस गेलाय आणि मी किटलीचं काय घेऊन बसलोय."

"तुमची पद्धत मला समजावून सांगा. कपातीची."

"कुणी सांगितलं तुम्हाला? असो. सोपी आहे. सायकलच्या किमतीत संगणक करायचा म्हणजे आत जे जे आहे त्यातलं काय नसलं तरी चालेल हे शोधायचं. रोज संध्याकाळी एकाची पाळी. त्याने एक वस्तू काढायची आणि पाटी चालवायची. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत चालली, तर ती वस्तू कायमची बाद. मग वहीत नोंद, नंबर घालून. शंभर कपाती झाल्या की आपला भाव जमतो."

"फक्त चालतं की नाही एवढंच बघता?"

"आणखी काय बघायचं? चाललं नाही तर परत लावतो. मास्तरांची एक अट होती, पाळी असलेल्याने वहीतलं शेवटचं पान वाचूनच हात घालायचा. माझी एक होती. शंभरावी कपात ज्याच्या हातून होईल, पुढचं यंत्र त्याच्या हाती. पोरांना जरा चेव यावा म्हणून."

"पोरं म्हणजे?"

"मास्तर आणि त्यांचे मेहुणे. मास्तरांच्या बायकोचा भाऊ. आम्ही सगळेच त्याला मेहुणे म्हणतो."

बाईंनी वही मागितली. शेवटची नोंद मंगळवारची होती. कपात शहाण्णव: एक बटण. अक्षर मास्तरांचं. पुढचं पान कोरं. शिवणीशी बोट फिरवलं तर कागदाची बारीक कातरण लागली.

त्यांनी मान वर केली. मालकांच्या डोक्यामागे फळा होता आणि त्यावर खडूने मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: राहिले ३.

"शंभरातून शहाण्णव गेले तर चार राहतात," बाई म्हणाल्या.

मालकांनी वळून फळ्याकडे पाहिलं. त्यांना पाहायला वेळ लागला. "मोजण्यात चूक झाली असेल."

"खडू तुमच्या हातात होता?"

"मास्तरांच्या. म्हणजे, असेल. मावशी दारावर थापा मारून पळाली तेव्हा मी जिना चढायला लागलो, चार पायऱ्यांवर घेरी आली, तिथेच बसलो. डॉक्टर येईपर्यंत माझ्यासमोरून कुणी गेलं नाही. एवढंच मला ठाऊक आहे."

त्यांना ज्याबद्दल विचारलं नव्हतं ते त्यांनी सांगितलं होतं. बाईंनी तेही लिहून घेतलं.

४

मेहुणे वर, आपल्या टेबलाशी उभे होते. पस्तिशीचे, दाढी वाढलेली, डोळे सुजलेले.

"पडद्यावर अक्षरं उमटवणारा भाग माझा," ते म्हणाले. "वीजपुरवठा भावोजींचा. मी त्यात कधी पडत नसे."

"काल दुपारी?"

"सुटे भाग बघायला बाजारात गेलो होतो. अडीचला आलो तेव्हा डॉक्टर पोचले होते. मग ताईला सांगायला मीच गेलो. दुसरं कोण जाणार?"

"गुरुवारी कपातीची पाळी तुमची होती."

"हो. काही सापडलं नाही त्या दिवशी."

"आणि बुधवारी?"

"भावोजींची. त्यांनाही काही सापडलं नसावं. शेवटी शेवटी काढण्यासारखं राहतंय काय? सगळं हाडांपर्यंत आलेलं." त्यांनी खिडकीकडे मान केली. मावशी अजून तिथेच बसल्या होत्या. "बाई, एक विनंती करू? जरा सांभाळून लिहा त्यांच्याबद्दल. वय झालंय. आईसारख्या आहेत मला. सोल्डरिंग मी त्यांच्याकडूनच शिकलो."

"आकडासुद्धा?"

"कसला आकडा?" मेहुण्यांनी विचारलं, आणि लगेच, "हां, तो. त्याला फार वेळ जातो. छापील बोर्डावर तो लागत नाही. मी नाही करत."

खिडकीशी बसलेल्या मावशींनी ऐकलं असावं. "चारदा शिकवला तुला," त्या इकडे न बघता म्हणाल्या.

५

घड्याळाकडे पाहत बाई बराच वेळ उभ्या राहिल्या. मग त्यांनी फौजदारांना फोन लावला.

"काल मेन तुम्ही चालू केलात तो किती वाजता?"

"दोन चाळीस. पंचनाम्यात आहे."

"आणि मावशींनी बंद केला एक चाळीसला. म्हणजे एक तास."

"एक तास. काय झालं?"

"हे घड्याळ विजेवर चालतं. एक तास वीज नव्हती तर ते एक तास मागे पडायला हवं. ते चाळीसच मिनिटं मागे आहे. मधली वीस मिनिटं कुणीतरी मेन चालू करून परत बंद केला. मावशी डॉक्टरांना शोधत धावत होत्या तेव्हा."

"कशाला कुणी असं करेल?"

"सोल्डरिंग करायला वीज लागते."

त्यांनी फोन ठेवला आणि घराच्या कोपऱ्यात गेल्या. मास्तरांनी टेबलाच्या पायांभोवती फरशीवर रंगाने खुणा केल्या होत्या. सॉकेटपासून टेबल किती लांब ठेवायचं हे त्यांनी ओळखीपाळखीच्या घरांत जाऊन मोजून ठरवलं होतं, आणि या कोपऱ्यात लांबी वाढवणारी जोडवायर आणायला सक्त बंदी होती. घरात नसते, तर इथेही नाही. टेबलाचे पाय खुणांवर बरोबर होते. बाईंनी टेप लावला. सॉकेटपासून पाटीच्या जागेपर्यंत सात फूट.

मग त्यांनी पाटीची विजेची दोरी मोजली. तीन पिनांची, कापडी वेष्टणाची, पेटीत स्क्रूंनी आवळलेली, पेटीजवळ तपकिरी डाग पडलेली. अडीच फूट.

त्या खाली उतरून मागच्या जिन्यापाशी गेल्या. किटली फळीवर होती, वायरीशिवाय. फळीखाली तसलेच तपकिरी ओघळ होते. त्यांनी दोरीचा डाग नाकाशी नेला. चहा.

मास्तर ज्या पाटीने मेले, ती या दोरीने चालूच शकत नव्हती. मग तिला आधी कोणती दोरी होती? आणि ती बदलण्याची एवढी निकड कुणाला होती, की बाजूला माणूस मरून पडलेला असताना त्याने किटलीची वायर कापून आणली?

तीन वाजले होते. बाई मास्तरांच्या घरी निघाल्या.

६

मास्तरांच्या बायकोने, वहिनींनी, दार उघडलं. घरात बायका बसल्या होत्या. वहिनी बाईंना आतल्या खोलीत घेऊन गेल्या. तिथे टीव्ही होता, त्याच्यापुढे रिकामं टेबल.

"पाटी इथेच होती का?"

"दुसरी. दोनच केल्यात. हे म्हणायचे, खरं घर ते खरं घर. आमची लेक रोज बसायची त्यावर, चुका लिहून ठेवायची. तिकडे जी कपात होईल ती ह्यांनी इथल्या पाटीलाही करायची, असं ठरलेलं." वहिनींचा आवाज कोरडा होता, रडून रडून झालेला. "बुधवारी ह्यांनी दोरी बदलली. तीन पिनांची काढून दोन पिनांची लावली. मी विचारलं, ही बारीकशी का? तर म्हणाले, मालकांना पाहिजे. मला आवडलेलं नाही, पण मधली पत्ती आहे तोवर काळजी नाही. मला काय कळतंय त्यातलं."

बाईंनी पेन थांबवलं. "पत्ती, असं म्हणाले?"

"हो. दोनदा म्हणाले."

"गुरुवारी इथे कुणी आलं होतं?"

"भाऊ जेवायला आला होता. हे अंघोळीला गेले तेव्हा पाटीशी खुडबुड करत होता. तो नेहमीच करतो."

"आणि काल तोच आला सांगायला?"

"तीन वाजता. दारातून आला तो माझ्याशी बोललाच नाही. सरळ इथे आला, पाटीची पिन खेचून काढली, पाटी काखेत मारली आणि मग मला म्हणाला, ताई, भावोजी गेले." वहिनी टेबलाकडे पाहत होत्या. "मला वाटलं, घरात दुःख आहे, टीव्ही नको चालायला, म्हणून बंद करतोय."

"हृदयविकार म्हणाला?"

"हार्टच म्हणाला. तेव्हा सगळे तेच म्हणत होते ना?"

बाईंनी वेळ लिहून घेतली. काल तीन वाजता, डॉक्टरांनी मास्तरांच्या मुठी उघडण्याच्या तीन तास आधी, पाटी माणूस मारते हे जगात एकालाच ठाऊक होतं.

७

पाचला दहा कमी होते. फौजदार टोपी हातात घेऊन उभे, मालक खुर्चीत, मेहुणे त्यांच्या टेबलाशी, मावशी स्टुलावर. मावशींनी पिशवी भरून तयार ठेवली होती. एक साडी, टॉवेल, डोळ्यांत घालायचं औषध.

"सही?" फौजदारांनी विचारलं.

"देते. आधी बुधवारपासून सांगते," बाई म्हणाल्या. "मालक, सत्त्याण्णवावी कपात काय होती?"

मालक खुर्चीत मागे सरकले.

"मग मीच सांगते. अर्थिंगची हिरवी वायर. ती काढायला तुम्ही सांगितलंत, मास्तरांनी नाखुशीने काढली. वायर नाही तर तिसरी पिन कशाला, म्हणून दोन पिनांची दोरी लावली. त्यांच्या घरची दोरीही त्याच दिवशी बदलली. गुरुवारी संध्याकाळी नोंद झाली आणि फळ्यावर तीन राहिले. नोंदीत मास्तरांनी आणखीही काही लिहिलं असणार. घरी जे बोलले तेच."

"पत्तीला हात लावू नये," मालक खालमानेने म्हणाले. "अधोरेखित केलं होतं."

"तुम्ही आज सकाळी पान नाहीसं झालेलं पाहिलंत आणि बोलला नाहीत."

"अर्थिंग मी काढायला लावलं हे बाहेर आलं असतं तर पाटी संपली असती. दहा हजार..."

"म्हणून मावशी संपू द्यायच्या." बाईंनी त्यांना पुढे बोलू दिलं नाही. "गुरुवारी संध्याकाळी ज्याची पाळी होती, त्याने वही न वाचता पत्ती काढली. दोन्ही पाट्यांमधली. पाटी चालली. चालणारच. पत्ती काय आणि वायर काय, चालण्यासाठी नव्हत्याच. एक काढली तर दुसरी होती. दोन्ही गेल्या, आणि हे शुक्रवारच्या दुपारपर्यंत एकालाही ठाऊक नव्हतं."

बाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं.

"एक चाळीसनंतर कुणीतरी मागच्या जिन्याने वर आलं. मास्तर पडलेले, पाटी समोर. काय झालं ते त्याला एका नजरेत कळलं. पान राहिलं तर पत्ती कुणी काढली एवढाच प्रश्न उरतो, आणि पाळी कुणाची हे सगळ्यांना माहीत. म्हणून पान फाडलं. पाटीला पुन्हा अर्थिंग दिलं, म्हणजे ते कधी काढलंच नव्हतं असं दिसावं. तीन पिनांची दोरी हवी होती, किटलीची मिळाली. ती सात फुटांवर पोचत नाही हे बघायला सवड नव्हती. मेन चालू करून हिरवी वायर सोल्डर केली, ओढून तोडली, मेन बंद केला. वीस मिनिटं. आता दोन्ही चुका जोडणाऱ्याच्या. तिचे डोळे अधू आहेत हे तर सगळ्यांना ठाऊक."

"मालक खालीच होते," मेहुणे म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता. "ते वर आले नाहीत कशावरून?"

"ज्याला पेला धरता येत नाही तो केसाएवढ्या वायरचा सांधा करत नाही. मावशी तेव्हा डॉक्टरांच्या दारात होत्या, डॉक्टर साक्षीला आहेत, आणि त्यांनी केला असता तर आकडा केला असता. आकडा न करणारे इथे तुम्ही एकटे."

"मी बाजारात होतो."

"असाल. मग तीन वाजता ताईंच्या घरी गेल्यावर आधी पिन का काढलीत?"

मेहुण्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं.

"सगळे हृदयविकार म्हणत होते. तुम्हीही तेच म्हणालात. पण बहिणीला सांगण्याआधी तुम्ही धावलात ते पाटीकडे. कारण शाळेतून भाची यायची वेळ झाली होती."

ते हळूहळू जमिनीवर बसले, टेबलाच्या पायाला टेकून.

"मला वाटलं, पत्ती खडखड होऊ नये म्हणून असेल," ते म्हणाले. "नुसता फायबरचा तुकडा होता हो. काढला, पाटी लावली, चालली. मी भावोजींना चकित करणार होतो. शुक्रवारी संध्याकाळी सांगणार होतो, अठ्ठ्याण्णव झाले म्हणून. रात्रभर चालली, सकाळी चालली. वर आलो तर..." त्यांनी हातांनी तोंड झाकलं. "त्यांच्याकडे पाठ करून बसलो होतो सोल्डर करताना. सारखं वाटत होतं, मागून म्हणतील, हात स्थिर ठेव."

"आणि मी?" मावशींनी विचारलं. त्या उठल्या नव्हत्या. "माझं काय वाटलं तुला?"

"तुम्हाला कुणी फार काही करणार नाही असं वाटलं, मावशी."

फौजदार पुढे झाले आणि मेहुण्यांना दंडाला धरून उठवलं. दारापाशी मेहुणे थांबले.

"ताईला कोण सांगणार?"

"तुम्ही," निरीक्षक बाई म्हणाल्या. "जाताना गाडी तिकडून जाईल. फौजदार थांबतील दारात."

मालक उठायला लागले तेव्हा फौजदारांनी मान हलवली. "तुम्हीही चला. पान नाहीसं झालेलं पाहिलंत ना? ते लिहून द्यावं लागेल."

८

साडेपाचला बाईंनी वरच्या खोलीच्या दाराला कुलूप घातलं आणि लाख तापवली. अहवालात त्यांनी लिहिलं होतं की एकही पाटी बनू नये, सुटे भाग जप्त करावेत, जागा पुढील आदेशापर्यंत बंद. मावशींचं नाव एका ओळीत होतं: जोडणीत दोष आढळला नाही.

ती ओळ त्यांनी मावशींना वाचून दाखवली. मावशींनी ती पुन्हा वाचायला सांगितली. मग पिशवी उचलली.

"म्हणजे मी घरी जाऊ?"

"जा. तुमच्यावर काही नाही."

मावशी जिन्याच्या तोंडाशी गेल्या आणि वळल्या. चौदा वर्षं रेडिओ, तीन वर्षं पाटी. घंटेवर येणारी बाई.

"मग सोमवारी किती वाजता येऊ?"

निरीक्षक बाईंच्या हातातली लाख कुलपावर थेंबथेंब पडत होती. त्यांनी शिक्का दाबला आणि लाख निवेपर्यंत तसाच धरून ठेवला. मावशी उत्तराची वाट पाहत उभ्या होत्या.